श्वास ऐका, अंतर मोजा : ‘द रेव्हेनंट’ कसा पाहावा

‘द रेव्हेनंट’ या सिनेमाची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगून होते. अस्वलाने फाडलेल्या एका माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचा साथीदार त्याच्या मुलाला मारतो आणि त्याला रानात टाकून निघून जातो. तो माणूस मरत नाही. उठतो, आणि त्या साथीदाराच्या मागावर निघतो. एवढ्यासाठी १५६ मिनिटं कशाला, असं विचारणारे मला बरेच भेटले आहेत. गोष्टीसाठीच बसलात तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण पुढे काय होणार ते निम्म्याच्या आत कळतं.

मी हा सिनेमा पाच वेळा पाहिला तो अंतरासाठी. कोण कोणापासून किती लांब आहे, ते अंतर घटतंय की वाढतंय, आणि आपल्याला त्या माणसाच्या किती जवळ नेऊन बसवलंय, एवढंच धरून ठेवा. बाकीचं आपोआप दिसायला लागतं. या लेखात मी शेवटही सांगणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी तयारीपुरतं वाचावं आणि उरलेलं सिनेमा पाहून झाल्यावर.

बसण्याआधी

मी पहिल्यांदा तो भर दुपारी, खिडकीकडे पाठ करून, लॅपटॉपवर पाहिला. सुरुवातीच्या जंगलात मला काळपट निळ्या रंगापलीकडे काही दिसलं नाही. झाडांच्या जागी काचेवर माझंच डोकं आणि मागचा पडदा दिसत होता. तासाभराने बंद केला आणि ‘सुंदर आहे, पण कंटाळवाणा’ असं दोघातिघांना सांगूनही मोकळी झाले. ते मत सिनेमाचं नव्हतं, त्या खिडकीचं होतं.

हा सिनेमा जवळपास पूर्णपणे नैसर्गिक उजेडात चित्रित झालाय. छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्की आणि दिग्दर्शक अलेहांद्रो गोन्साल्वेस इन्यारितु दिवसातले हवे तसे उजेडाचे मोजके तास धरून काम करत. बाकीचा दिवस तालमीत जाई. कॅनडातल्या आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या थंडीत सूर्य मुळातच खाली, त्यामुळे चेहऱ्यावर उजेड एका बाजूने येतो आणि दुसरी बाजू अंधारात राहते. दिव्यांची मदत घेतली ती एका शेकोटीच्या प्रसंगात. वाऱ्याने ज्वाळा फार हलत होती म्हणून शेकोटीभोवती बल्ब ठेवून तो उजेड सावरला, असं लुबेझ्कीने सांगितलंय. इतक्या नाजूक उजेडावर तुमच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की सगळं गेलं. म्हणून रात्री पाहा, दिवे पूर्ण घालवून, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर. फोनवर नकोच. यात पाठलाग करणारा माणूस कितीतरी वेळा बर्फाच्या कडेला एक ठिपका असतो. फोनवर तो ठिपकाच नाहीसा होतो, म्हणजे पाठलागच नाहीसा होतो.

आवाजासाठी हेडफोन घ्या. सबटायटल्स चालू ठेवा, इंग्रजी चांगलं येत असलं तरी. टॉम हार्डीचा फिट्झगेराल्ड, म्हणजे तो टाकून जाणारा साथीदार, शब्द दाढेखाली चावून बोलतो, आणि त्याच्या पुटपुटण्यात त्याची भीती आहे, ती निसटू देऊ नका. शक्यतो एका बैठकीत पाहा. थांबायचंच असेल तर एकच जागा सुचवेन : ग्लास, म्हणजे अस्वलाने फाडलेला तो माणूस, खड्ड्यातून सरपटत बाहेर येतो आणि मेलेल्या मुलाच्या अंगावर डोकं टेकतो, त्यानंतर.

आणि एक गोष्ट आधीच सांगते. यात अस्वलाचा हल्ला आहे, डोक्याची कातडी सोलणं आहे, एका मुलीवर होणारा अत्याचार आहे, मेलेल्या घोड्याचं पोट फाडून त्यात रात्र काढणं आहे. ज्यांना हे सोसत नाही त्यांना आग्रह करू नका. मुलांना तर नाहीच.

इतिहासातलं किती माहीत असावं

फार नको, तीन गोष्टी पुरे. एक, काळ १८२३चा आणि मुलूख अमेरिकेतल्या मिसूरी नदीच्या वरच्या अंगाचा. युरोपात बीव्हर या नदीकाठच्या प्राण्याच्या लोकरीच्या टोप्यांना भाव होता, आणि त्या बीव्हरच्या कातड्यांसाठी माणसं या रानात शिरत होती. विल्यम अॅशली आणि अँड्र्यू हेन्री यांनी १८२२ मध्ये सेंट लुइसच्या वर्तमानपत्रात शंभर तरुण हवेत अशी जाहिरात देऊन आपली टोळी जमवली होती. पडद्यावर कातड्यांचे गठ्ठे माणसांच्या जिवापेक्षा जपले जाताना दिसतील, ते म्हणून. दोन, १८२३च्याच जून महिन्यात मिसूरीच्या काठी अरिकारा जमातीच्या लोकांनी अॅशलीच्या माणसांवर हल्ला केला होता. सिनेमातला सुरुवातीचा हल्ला त्यावरून सुचलेला आहे. तीन, ह्यू ग्लास हा खराखुरा माणूस होता आणि त्याला अस्वलाने खरोखरच फाडलं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मुद्दाम आधी वाचू नका. ते नंतरसाठी राखून ठेवायचंय.

पहिला अर्धा तास

पहिली चित्रं स्वप्नातली आहेत, ती नुसती अंगावरून जाऊ द्या. नंतर पाणी दिसेल. झाडांच्या बुंध्यांमधून वाहणारं उथळ पाणी, आणि त्यात पुढे सरकत येणारी बंदुकीची नळी. मग माणसं. सिनेमाचं सगळं व्याकरण इथेच आहे : आधी जागा, मग हत्यार, सगळ्यांत शेवटी माणूस.

छावणीवर हल्ला होतो तेव्हा कोण मरतंय ते मोजू नका. कॅमेरा कोणाला धरतो आणि कोणाला सोडतो ते पाहा. तो एका पळणाऱ्याच्या मागे लागतो, तो पडला की त्याला पाडणाऱ्याच्या मागे, मग त्या दुसऱ्यालाही कोणीतरी पाडतो. पाठलाग एका माणसाच्या मालकीचा नाही, तो हातोहात फिरतो, हे कोणी बोलायच्या आत दाखवून झालेलं असतं.

मग अस्वल. इथे बहुतेक जण डोळे झाकतात, आणि नंतर अस्वल संगणकावर केलंय का याचीच चर्चा करतात. केलंय. पण पाहण्यासारखं आहे ते मधलं थांबणं. ग्लासला आधी पिल्लं दिसतात आणि मग मागून आई येते. ती त्याला आपटते, फाडते, आणि बाजूला होते. आपल्याला वाटतं सुटला. ती परत येते, हुंगते, पंजा त्याच्या डोक्यावर ठेवते. डोळ्यांना कट कुठेच जाणवत नाही, कॅमेरा जमिनीलगत त्याच्याबरोबर पडलेला असतो, आणि एका क्षणी तिचा श्वास थेट लेन्सवर येऊन काच धुरकट होते. अंतर शून्य.

लेन्सचं गणित

हे धुरकटणं कसं घडतं ते समजून घेतलंत तर पुढचे दोन तास वेगळे दिसतील. एरवी चेहरा मोठा दाखवायचा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स लावून दुरूनही दाखवता येतो. चेहरा भरून येतो, मागचं सगळं पुसट होतं. लुबेझ्कीने बराचसा सिनेमा १२ ते २१ मिलिमीटरच्या रुंद लेन्सवर घेतला. रुंद लेन्समध्ये लांबचा माणूस मुंगीएवढा दिसतो. चेहरा मोठा हवा असेल तर कॅमेरा खरोखरच नटाच्या तोंडाशी न्यावा लागतो, वीतभर अंतरावर. तिथे गेलं की दोन गोष्टी होतात. नटाचा श्वास काचेवर येतो. आणि मागचा डोंगर पुसट होत नाही, कानाच्या मागे तसाच स्पष्ट उभा राहतो.

एकदा करून पाहा. लिओनार्डो डिकॅप्रिओचा चेहरा मोठा दिसेल अशा कुठल्याही ठिकाणी सिनेमा थांबवा आणि चेहऱ्याच्या कडेने मागे पाहा. भुवईवरचं बर्फ दिसेल, आणि त्याच चौकटीत काही मैलांवरची झाडांची रांगही. त्याला जायचंय ते तिकडे, आणि तो आहे इथे, आपल्या नाकासमोर. त्याच्या आणि त्याच्या सूडाच्या मधलं सगळं अंतर एका चित्रात मावलेलं असतं. हे मला कळलं तेव्हा मी तो शॉट थांबवून किती वेळ पाहत बसले होते.

गळा फाटल्यामुळे ग्लास कितीतरी वेळ नीट बोलूच शकत नाही. संवादाची सवय असलेल्यांना हा भाग जड जातो. मला तो जवळचा वाटला त्याला कारण आहे. वडिलांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काही आठवडे त्यांचा आवाज पूर्ण गेला होता. दिवसा ते पाटीवर लिहायचे. रात्री पाटी उशाशी असायची आणि दिवा बंद, म्हणून मी खाटेशेजारी सतरंजीवर पडून नुसता श्वास ऐकायची. झोप लागली की तो लांब व्हायचा. दुखत असलं की आत घेताना मध्येच अडकायचा, जिन्यात पायरी चुकावी तसा. काही हवं असलं की एक छोटा, मुद्दाम सोडलेला उच्छ्वास. चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत मला त्या तिघांतला फरक झोपेतही कळायला लागला होता. या सिनेमातल्या माणसाचा श्वासही असाच वाचता येतो. सरपटताना, थंडीत, कच्चा मासा खाताना, वाहत्या नदीत, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे. रिउइची साकामोतो, आल्वा नोटो आणि ब्राइस डेसनर यांचं संगीतही अनेकदा त्या श्वासाच्या आणि वाऱ्याच्या मधूनच सुरू होतं. वारा कुठे संपला आणि तारवाद्य कुठे सुरू झालं ते शोधत बसा, दर वेळी सापडेलच असं नाही.

एक जागा खास सांभाळून पाहा. ग्लास मेलेल्या मुलाला बिलगतो. त्याच्या श्वासाने काच धुरकटते, ते पांढरं धुकं ढगांत विरघळतं, आणि ढगांतून आपण पोचतो फिट्झगेराल्डच्या चिलमीच्या धुराशी. मारणारा आणि मागे राहिलेला, दोघांमध्ये कोण जाणे किती मैल रान आहे, आणि संकलक स्टीव्हन मिरिओनने ते एका श्वासात ओलांडलंय. त्या रात्री मी तेवढाच भाग तीनदा मागे नेला.

वस्तूंवर नजर ठेवा

माणसं कमी बोलतात म्हणून वस्तू बोलतात. सगळ्यांत महत्त्वाची आहे पाण्याची बाटली. टोळीतल्या तरुण ब्रिजरने तिच्यावर वेटोळ्याची नक्षी कोरलीय. ग्लासला सोडून जाताना तो ती बाटली मागे ठेवून जातो, त्याच्या हातून होणारी तेवढीच माया. ग्लास ती जवळ बाळगतो. पुढे फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तळावर ती त्याच्याकडून सुटते, आणि तिथून वाचलेला एक फ्रेंच माणूस ती घेऊन टोळीच्या किल्ल्यावर पोचतो. ती नक्षी ओळखली जाते आणि टोळीचा प्रमुख हेन्री रात्री मशाली घेऊन शोधाला निघतो. म्हणजे ग्लास किल्ल्यापर्यंत पोचायच्या आधी त्याची बाटली पोचते. दोन टोकांमधलं अंतर तिने कापलेलं असतं.

अस्वलाचं कातडंही पाहा. ज्याने फाडलं तेच पुढे त्याचं पांघरूण होतं. बंदुकीबद्दल मी काही सांगत नाही, तुम्हीच पाहा ती कोणाच्या खांद्यावर असते.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा

दुसऱ्यांदा ग्लासला सोडून द्या आणि अरिकारा सरदाराच्या मागे जा. पहिल्या वेळी तो आणि त्याची माणसं मला नुसतं संकट वाटली होती, वादळ किंवा लांडग्यांसारखी. खरं तर तो पोवाका नावाच्या आपल्या पळवून नेलेल्या मुलीला शोधतोय. पहिला हल्ला, फ्रेंचांशी कातड्यांच्या बदल्यात घोड्यांसाठी केलेला सौदा, नदीकाठचा पाठलाग, सगळं त्यासाठीच. फ्रेंच माणूस त्याला कराराच्या गोष्टी सांगू लागतो तेव्हा तो, तुम्ही आमची जमीन नेलीत, जनावरं नेलीत, असं शांतपणे सुनावतो. तो प्रसंग लहान आहे आणि पहिल्यांदा हमखास निसटतो. बर्फात दोन बाप चालताहेत. एक मेलेल्या मुलासाठी, एक जिवंत असेल अशा आशेवरच्या मुलीसाठी, आणि त्यांना एकमेकांचं कारण माहीत नाही. त्या मुलीला फ्रेंचांच्या तावडीतून सोडवतो तो ग्लासच.

याच फेरीत हिकुक नावाच्या, पॉनी जमातीच्या माणसाकडेही नीट पाहा. ग्लासला तो रानगव्याचं कच्चं काळीज खाऊ घालतो, वादळात त्याच्यासाठी फांद्यांचा आडोसा बांधतो, आणि सूड देवाच्या हातात आहे या अर्थाचं एक वाक्य सहज बोलून जातो. बर्फ पडत असताना दोघं जीभ बाहेर काढून भुरभुर झेलतात. पुऱ्या सिनेमात ग्लास हसतो तो इथेच, निदान मला तरी दुसरीकडे दिसला नाही. दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी हिकुकला झाडाला लटकवलेलं असतं.

मला न पटलेलं

पडक्या चर्चचं स्वप्न मला कुठल्याच वेळी पटलं नाही. भिंतीवरची चित्रं, टांगलेली घंटा, आणि मुलगा मिठीत येताच त्याचं झाड होणं. बाकीचा सिनेमा थंडी, भूक आणि चिखल यांतून जे सांगतो तेच इथे वर बोट दाखवून सांगितलंय. घोड्यासकट कड्यावरून पडणंही अति झालं. तोवर या माणसाने इतकं सोसलेलं असतं की आणखी एक पडणं विश्वासाला ताण देतं. अशा ठिकाणी मी उजेड पाहते. उजेडाने मला एकदाही फसवलेलं नाही.

शेवटची वीस मिनिटं

शेवटची मारामारी कॅनडात झालेली नाही. तिथलं बर्फ अवेळी वितळलं म्हणून सगळा ताफा दक्षिण अर्जेंटिनात, उशुआइयाच्या परिसरात गेला. तुम्हाला जोड कळणार नाही, पण डोंगरांचे दात वेगळे आहेत, पाहा.

इथे अंतर आधी खेळ खेळतं. ग्लास मेलेल्या हेन्रीला घोड्यावर ताठ बसवतो आणि स्वतः प्रेत म्हणून आडवा पडतो. लांबून फिट्झगेराल्ड जिवंत समजून प्रेतावर गोळी झाडतो. दुरून पाहणं खोटं ठरतं. मग दोघं इतके जवळ येतात की कोणाचा हात आणि कोणाचा सुरा ते कळत नाही. आणि नेमकं तेव्हाच ग्लास हात काढून घेतो. नदीच्या पलीकडे अरिकारा उभे असतात. तो फिट्झगेराल्डला पाण्यात ढकलतो आणि प्रवाह त्याला त्यांच्याकडे नेतो. सरदार आपलं काम करतो, मग ते सगळे घोड्यांवरून ग्लासच्या शेजारून जातात, पोवाका त्यांच्यात असते. त्याला कोणी हात लावत नाही.

यानंतर लगेच रिमोट उचलू नका. ग्लास सरळ लेन्समध्ये पाहतो, पडदा काळा होतो, आणि त्या काळ्यावर श्वास चालू राहतो. तो थांबेपर्यंत दिवा लावू नका.

मग खरा ग्लास

आता राखून ठेवलेलं वाचा. खऱ्या ग्लासवर अस्वलाने हल्ला केला तो ऑगस्टमध्ये, आजच्या साउथ डकोटातल्या ग्रँड नदीजवळ; म्हणजे पडद्यावरचा हिवाळा सिनेमाचा आहे. तिथून मिसूरीवरच्या फोर्ट कायोवापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर तो सरपटत, चालत गेला, असं सांगतात. त्याची हकीकत १८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात पहिल्यांदा छापून आली आणि तेव्हापासून ती वाढतच गेलीय. त्या परंपरेप्रमाणे त्याने तरुण ब्रिजरला माफ केलं. फिट्झगेराल्ड तोवर सैन्यात भरती झालेला होता, म्हणून ग्लास त्याच्याकडून आपली बंदूक तेवढी परत घेऊन निघाला. नदी नाही, सुरा नाही. पुढे १८३३ मध्ये यलोस्टोन नदीवर अरिकारांच्या हातून तो मारला गेला. त्याला मुलगा असल्याचा पुरावा नाही. हॉक हे पात्र पटकथेने दिलेलं आहे.

मात्र खऱ्या ग्लासने पाठवलेलं एक पत्र टिकून आहे. जून १८२३चं, म्हणजे अस्वलाच्या साधारण दोन महिने आधीचं. अरिकारांशी झालेल्या त्या लढाईत जॉन गार्डनर नावाचा त्याचा तरुण सोबती मेला. मरताना त्याने घरी कळवायला सांगितलं, म्हणून ग्लासने व्हर्जिनियातल्या त्याच्या वडिलांना लिहिलं : तुमचा मुलगा गोळी लागल्यावर थोडा वेळ जगला, आम्ही त्याला जहाजावर आणलं, आमच्यातल्या स्मिथने प्रार्थना म्हटली, आम्ही त्याला पुरलं. माझ्याही पायाला लागलंय. दगा देणाऱ्यांना शिक्षा होईपर्यंत अॅशली इथून हलणार नाहीत. पत्र एवढंसंच आहे. त्याचा मजकूर वाचायला मिळतो, सिनेमा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचा.